पाण्याचा जमाखर्च

ग्रामपंचायतीच्या कचेरीवर प्रवासवर्णन लिहिणारा मनुष्य अजून माझ्या पाहण्यात नाही. लोक काश्मीरला जातात, कन्याकुमारीला जातात, हल्ली तर स्वित्झर्लंडही कल्याण-डोंबिवलीइतके जवळ आले आहे. त्यांची वर्णने दिवाळी अंकांतून येतात आणि ती वाचून घरोघरी पुढच्या सुट्टीचे बेत ठरतात व मोडतात. पण घरपट्टीची आकारणी, पाणीपट्टीची थकबाकी, दिवाबत्ती, गटारांची दुरुस्ती आणि मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे, यांत रमणीय ते काय असणार? तरीही यंदा नवरात्रात दोन दिवसांची सवड मिळताच मी नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावी गेलो तो तिथला डोंगर पाहायला नव्हे, तर ग्रामपंचायतीचा कारभार पाहायला. सोबतीला आमच्याच महाविद्यालयातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. हिशेबाच्या ठिकाणी भाषेच्या माणसाने एकट्याने जाऊ नये, एवढे शहाणपण मला आहे.

नगर म्हटले, पण 2024 सालापासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात, चौंडी गावी, 1725 साली झाला. ज्या बाईने देशभर घाट, विहिरी आणि बारवा बांधल्या, तिचे नाव मिळालेल्या जिल्ह्याचा अर्धा भाग पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडे डोळे लावून बसलेला आहे. दुसऱ्या अर्ध्याची कथा अगदी निराळी. उत्तरेला प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, कालवे वाहू लागले, ऊस आला. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीजवळ सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली. तेव्हापासून या जिल्ह्यात प्रतिष्ठेचे पीक कोणते, हे कोणी कोणाला सांगावे लागत नाही. आणि त्याच जिल्ह्यात एक गाव असे की, तिथे उसाला बंदी आहे! ही बंदी सरकारने घातलेली नाही. गावानेच ती आपल्यावर घालून घेतली आहे.

नगरपासून पश्चिमेला सुमारे 17 किलोमीटरवर हे गाव आहे. हिवर म्हणजे बाभळीच्या जातीचा एक काटेरी वृक्ष, कमी पाण्यावर तग धरणारा. त्यावरून नाव पडले असेल तर ते ठेवणाऱ्याने गावाची कुंडलीच मांडून ठेवली म्हणायची. वर्षाचा पाऊस सरासरी 400 मिलिमीटरच्या आत. मुंबईत तेवढा पाऊस आषाढातल्या दोनतीन दिवसांत पडून जातो आणि आपण लोकल बंद पडल्याबद्दल कुरकुरतो.

गाव एके काळी पैलवानांसाठी प्रसिद्ध होते. मग 1972 चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, डोंगरावरची झाडे सरपणाला गेली, माणसे कामासाठी पुण्या-मुंबईला गेली आणि मागे राहिलेल्यांना दारूने गाठले. गावात बावीस दारूभट्ट्या होत्या म्हणतात. सरकारी नोकराची इथे बदली झाली म्हणजे ती शिक्षा समजली जाई. 1989 साली गावातल्या तरुणांनी पोपटराव पवार यांना बिनविरोध सरपंच केले, कारण गावात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला तो एकच मनुष्य होता. ते एम.कॉम. होते. आम्ही मराठीवाले असतो तर दुष्काळावर एखादी दीर्घ कविता लिहून मोकळे झालो असतो. वाणिज्य शाखेच्या माणसाने खतावणी उघडली.

आरंभ शाळेपासून झाला, मग डोंगरापासून. 1994 साली गाव राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत आले. शेजारच्या पारनेर तालुक्यात राळेगण सिद्धीला अण्णा हजारे यांनी 1975 पासून जे करून दाखवले होते, त्याच वाटेने ही योजना जाणार होती. तिच्यासाठी गावाला काही अटी मान्य कराव्या लागत: नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. भाषेच्या माणसाच्या मनात लगेच येते की, पाचांतले चार शब्द 'बंदी'त संपणारे आहेत. विकासाची योजना म्हणजे काही तरी देणारी, अशी आपली समजूत. ही योजना मागणारी होती. पाचवा शब्द तर सरळ घामच मागतो. रोजगार हमीचा पैसा आणि गावाचे श्रम एकत्र करून डोंगराच्या अंगावर सुमारे 40,000 समतल चर खणले गेले. 52 मातीचे बांध, 32 दगडी बांध, 9 छोटे बंधारे आणि 2 पाझर तलाव झाले. 1995 साली 182 कुटुंबांपैकी 168 दारिद्र्यरेषेखाली होती, 2010 साली तीन उरली. दूध दिवसाला 150 लिटर निघे, ते 4,000 च्या घरात गेले. 2007 साली राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला, 2020 साली पवारांना पद्मश्री. हे सर्व वर्तमानपत्रांतून पुष्कळदा येऊन गेले आहे, म्हणून मी त्यात फार रेंगाळत नाही.

मला पाहायचा होता तो जमाखर्च.

ग्रामसभा सगळ्याच गावांत असतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या आहेत. पुष्कळ ठिकाणी त्या रजिस्टरावरच्या सह्यांपुरत्या भरतात. इथल्या सभेत एक विषय असा येतो की, त्याला सगळे गाव कान देऊन बसते: यंदा पाऊस किती पडला आणि त्याचे काय करायचे. गावात पर्जन्यमापके आहेत. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, जमिनीत मुरलेल्या आणि साठलेल्या पाण्याचा अंदाज काढायचा. त्यातून आधी माणसांचे पाणी बाजूला, मग जनावरांचे. उरलेल्यापैकी सुमारे 70 टक्के शेतीला आणि 30 टक्के जमिनीच्या पोटात शिल्लक, पुढच्या वर्षासाठी. एकूण जमेवरून पिके ठरतात. पाऊस बरा असेल तर गहू, नसेल तर गव्हाला रजा आणि ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचे.

एका लिंबाच्या सावलीत बसून प्राध्यापकांनी हाताशी असलेल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडेमोड सुरू केली. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे 976 हेक्टर. म्हणजे आपण ज्याला पाऊस म्हणायलाही तयार होत नाही, तो एक मिलिमीटर इथे जवळजवळ एक कोटी लिटर पाणी ओततो. आता खर्च. गावाची वस्ती साडेबाराशे धरा आणि सरकारी मापाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर. वर्षाचे झाले अडीच कोटी लिटर. "म्हणजे अडीच-तीन मिलिमीटर पावसात सगळ्या गावाचे पिणे, स्वयंपाक, आंघोळी, धुणी, वर्षभर!" ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले. मला ते पटेना. मी पुन्हा गुणाकार केला. तो बरोबर होता. अर्थात पडणारा पाऊस सगळा हाती लागत नाही, बराचसा वाहून जातो आणि उन्हाने उडूनही जातो. तरी मग पाणी जाते कुठे? प्राध्यापकांनी दुसरा हिशेब मांडला. उसाला पीक निघेपर्यंत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एका हेक्टर उसाला दोन कोटी लिटर. तेवढ्या पाण्यात हजार माणसांचे वर्ष निघते!

सोसायटीच्या टाकीत पाणी नाही म्हणून जिन्यात भांडणारे आपण लोक. टँकर कितीला आला हे आपल्याला ठाऊक असते, जमिनीखाली किती उरले हे कोणी विचारत नाही. विचारले तर ते मोजणार कोण, असा प्रश्न येतो. मोजणे एक वेळ जमेल. मोजून झाल्यावर शेजाऱ्याला 'नाही' म्हणणे, हे खरे कठीण काम. या गावाने शेतीसाठी विंधनविहीर, ज्याला सगळे बोअर म्हणतात, ती घ्यायची नाही असे ठरवले आहे. ऊस नाही, केळी नाही. बाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही. आपल्या कायद्याची जुनी समजूत अशी की, ज्याची जमीन त्याचे खालचे पाणी. 2009 चा महाराष्ट्राचा भूजल कायदा 2014 साली अमलात आला. त्यात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे, आणि ती राज्यभर कितपत पाळली जाते हे रात्री धडधडणाऱ्या बोअरच्या गाड्यांना विचारावे. हिवरे बाजारची बंदी टिकली ती शेजाऱ्यांच्या तोंडावर सभेत हो म्हटल्यामुळे.

या मुलखात वर मुरूम आणि खाली काळा कातळ. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. एकाने खोल भोक पाडले की आधी शेजाऱ्याची विहीर आटते, मग शेजारीही भोक पाडतो, त्याहून खोल. वाटेत भेटलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी विचारले, "बाबा, स्वतःच्या रानात स्वतःच्या पैशाने बोअर घ्यायचा नाही, हे मनाला पटतं?"

"कसं पटंल, सर?" ते हसले. "मावशीच्या गावाला ऊस बघितला की मनात येतंच. पर माझ्या हिरीचं पानी आन त्या पल्याडच्या हिरीचं पानी एकच हाय. म्या वढलं तर त्याचं गेलं. त्यो माझा चुलतभाऊ. रोज तोंड बघायचं हाय."

प्राध्यापकांनी हे टिपून घेतले. त्यांच्या शास्त्रात यावर जाडजूड ग्रंथ आहेत आणि कोणा कोणाला त्यावर नोबेलही मिळाले आहे, असे ते परतीच्या वाटेवर मला समजावीत होते. चुलतभावाचा मुद्दा त्या ग्रंथांत कितपत आला आहे, हे मात्र मी त्यांना विचारले नाही.

आता एक शंका, जी शहरातला प्रत्येक वाचक घेईल. एका कर्त्या माणसावर चाललेले हे गाव, त्याच्यामागे काय? शंका खोटी नाही. आदर्श गाव योजनेत गेलेल्या गावांपैकी किती गावे आज नावानिशी सांगता येतात? बिनविरोध निवडणुकांचेही मला नेहमी थोडे भय वाटते. जिथे कोणी विरोध करत नाही, तिथे कोणाला करवत नाही असेही असू शकते. म्हणून 2021 च्या जानेवारीत इथे तीस वर्षांनी प्रथमच मतदान झाले, ही गोष्ट मला वाईट वाटली नाही. पुष्कळांना वाटली. आदर्श गावात मतपेट्या कशाला, असा सूर निघाला. लोकांनी मत दिले, पवारांचे पॅनेल निवडून आले आणि बंदीचे नियम जसेच्या तसे राहिले. त्याच वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेत गावाने पथके नेमून घरोघर तपासणी केली आणि साथ आटोक्यात आणली. सभेत बसायची सवय असलेल्या गावाला आणीबाणीतही सभा कशी घ्यायची हे शिकवावे लागत नाही. तरी माझे मत असे की, खरी परीक्षा अजून व्हायची आहे. ती होईल लागोपाठ दोनतीन वर्षे पाऊस न पडल्यावर, आणि तेव्हा सरपंचाच्या जागी दुसरा कोणी असल्यावर.

दुपार कलल्यावर आम्ही डोंगराच्या बाजूने निघालो. चर आता नीट दिसत नाहीत, गवताने भरून गेले आहेत. 2000 साली या डोंगरावर 100 टन गवत निघाले होते, 2004 साली 6,000 टन. मधल्या काळात जनावरे आत सोडली नाहीत, एवढेच. गवत हवे त्याने विळ्याने कापावे आणि भारा डोक्यावरून न्यावा. तशा दोघी बायका उतारावर कापत होत्या. त्यांच्यामागे वाळलेल्या गवताचा तो गोडसर वास येत होता, जो शहरातल्या मुलांना पुस्तकातसुद्धा भेटत नाही.

मघाचे बाबा आपल्या बांधावर उभे होते. नांगरट झालेली, ढेकळे उन्हात पडलेली. विहिरीत डोकावून पाहिले तर पाणी वर दिसत होते. मी सहज विचारले, "बाबा, यंदा गहू का?"

"काय सांगता यायचं न्हाय," ते म्हणाले. "पानी मोजून व्हायचंय अजून. सभा झाली की कळंल."