युंगफ्राऊची रेल्वे : शिखर, बोगदा आणि खोरे

१/ १ ऑगस्ट १९१२, स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी ३,४५४ मीटर उंचीवर, बर्फाच्या सान्निध्यात, पहिली प्रवासी गाडी पोचली. युंगफ्राऊयोख हे आजही युरोपातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक आहे. ही गाडी तिथवर कशी गेली आणि पायथ्याच्या खोऱ्यांचे तिने काय केले, याची ही कहाणी.

२/ रेल्वेपूर्वीही इथे प्रवासी येत. लाउटरब्रुनेनचा धबधबा १७७९ साली गटेने पाहिला. १८१६ साली बायरन इथल्या खिंडीतून गेला आणि ही हिमशिखरे त्याच्या ‘मॅनफ्रेड’मध्ये उतरली. पण असा प्रवास सवड आणि संपत्ती असलेल्यांचाच होता. चढावर घोडा, खेचर किंवा खुर्ची वाहणारे भोई लागत. गरीब शेतकऱ्यांना उन्हाळ्यात तेवढाच जोडधंदा.

३/ १८६३ साली थॉमस कुकने स्वित्झर्लंडची पहिली सामूहिक सहल नेली. जिनिव्हापर्यंत रेल्वे, पुढे आल्प्समध्ये मात्र घोडागाडी, खेचर आणि पायपीट. त्या सहलीतील जेमायमा मॉरेल या इंग्रज तरुणीची रोजनिशी उपलब्ध आहे. मध्यमवर्ग, आणि त्यातील स्त्रियाही, आता हिमशिखरे पाहू लागल्या होत्या.

४/ उरलेली चढण यंत्राने जिंकली. १८७१ साली निकलाउस रिगेनबाखने रिगी डोंगरावर दातेरी रूळ टाकून युरोपातील पहिली पर्वतीय रेल्वे चालवली. १८९० साली इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेन व ग्रिंडेलवाल्डला रेल्वे आली. १८९१ साली म्युरेनला आणि १८९३ साली थेट २,०६१ मीटरवरील क्लाइने शायडेगला.

५/ त्याच १८९३ साली झुरिकचा उद्योगपती अडॉल्फ गुयर-झेलर मुलीसोबत डोंगरात फिरत असताना त्याला एक कल्पना सुचली : आयगर आणि म्योंख या पर्वतांच्या पोटातून बोगदा खणायचा आणि शेवटी उद्वाहकाने थेट युंगफ्राऊच्या माथ्यावर जायचे. १८९६ साली काम सुरू झाले. गाडी आरंभापासून विजेवर. वीज खोऱ्यातल्याच नदीची.

६/ पैशांची युक्ती लक्षणीय होती. बोगदा पूर्ण होण्याची वाट न पाहता टप्प्याटप्प्याने स्थानके उघडली गेली : १८९८ साली आयगरग्लेचर, १९०३ साली आयगरवांड, १९०५ साली आइसमेर. कड्यात खिडक्या कोरून प्रवाशांना दरीचे दर्शन घडवले गेले. पुढचे खोदकाम चालू असतानाच मागच्या टप्प्यावर तिकिटे खपत होती.

७/ हे खोदकाम मुख्यतः इटालियन मजुरांनी केले. २६ फेब्रुवारी १८९९ रोजी एका स्फोटात ६ मजूर दगावले. पूर्ण प्रकल्पात ३० जणांचा जीव गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गुयर-झेलरही वारला. अंदाजाच्या दुपटीच्या आसपास खर्च आणि १६ वर्षे लागली. माथ्यापर्यंतचा उद्वाहक कधीच झाला नाही.

८/ खोऱ्यात मात्र उलथापालथ झाली. वेंगेनसारख्या शेतकरी वस्तीत हॉटेले उभी राहिली. भोई आणि खेचरवाल्यांचा धंदा बसला. त्यांच्या मुलांना स्थानकांत, हॉटेलांत काम मिळाले. वेंगेनला आजही मोटाररस्ता नाही. गावाचा श्वास रेल्वेवरच चालतो.

९/ सारेच खूश नव्हते. मॅटरहॉर्नच्या माथ्यावर रेल्वे नेण्याचा बेत निघाला, तेव्हा विरोधात सुमारे ७०,००० सह्या गोळा झाल्या. तो बेत बारगळला. शिखर कोणाचे, तिकीट काढणाऱ्याचे की कोणाचेच नाही, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

१०/ १९१४ साली महायुद्ध पेटले आणि परदेशी प्रवासी आटले. सावरताना आधार मिळाला हिवाळ्याचा. १९२५ साली वेंगेनमध्ये ब्रिटिश स्कीपटूंनी ‘डाउनहिल ओन्ली’ नावाचा क्लब काढला. नावातच मर्म आहे : चढायला रेल्वे, घसरायला उतार. १९३० पासून तिथली लाउबरहॉर्न शर्यत सुरू झाली.

११/ १९३६ साली आयगरच्या उत्तर कड्यावर टोनी कुर्त्झ अडकला, तेव्हा वाटाडे त्याच्याकडे निघाले ते रेल्वेच्या बोगद्यातील भोकातून. सहलीसाठी पोखरलेला पर्वत त्या दिवशी बचावाची वाट झाला. तरीही कुर्त्झ वाचला नाही.

१२/ पुढे हिंदी चित्रपटांनी ही खोरी भारतीयांच्या घराघरांत पोचवली. यश चोप्रांचा पुतळा इंटरलाकेनमध्ये आहे. २०१५ साली युंगफ्राऊयोखच्या वार्षिक प्रवाशांनी प्रथमच १० लाखांचा आकडा ओलांडला.

१३/ आता सुमारे ८०० वस्तीच्या लाउटरब्रुनेन गावात गर्दी मावेनाशी झाली आहे. २०२४ साली मोटारीने येणाऱ्या एकदिवसीय पर्यटकांकडून शुल्क घेण्याचा विचार तिथे पुढे आला. त्यात रेल्वेने येणाऱ्यांना सूट होती. ज्या रुळांनी खोऱ्यात गर्दी आणली, त्याच रुळांकडे खोरे आता गर्दी आवरण्याचा उपाय म्हणून पाहत आहे.