हैदराबाद की मुंबई?

माझा भाचा अमेरिकेत शिकतो. मध्यंतरी फोनवर तिथल्या कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला. त्यांचं फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. तिथे विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. कोणाशी खेळायचं, विजेता कोण, टीव्हीचे पैसे किती, हे बरंचसं गटातच ठरतं. काही संघ मात्र कुठल्याच गटात नसतात. ते ‘स्वतंत्र’. आपले सामने त्यांनी आपणच जमवायचे. नोटर डेम हे त्यातलं सर्वांत नामांकित विद्यापीठ. २०२५ साली त्यांनी बारापैकी दहा सामने जिंकले, तरी शेवटच्या बारा संघांत त्यांना जागा मिळाली नाही. पाच गटविजेत्यांच्या जागा ठरलेल्या असतात. स्वतंत्र संघाची जागा निवड समिती ठरवते.

“मामा, आपली कॉन्फरन्स कुठली रे?” भाच्याने हसत विचारलं. प्रश्न गमतीचा होता, पण मनात राहिला. महाराष्ट्रात गेलं की आपण ‘हैदराबादवाले’ आणि इथे ‘महाराष्ट्रातले’!

आपल्या शहराच्या फुटबॉलनेही असा काळ पाहिला आहे. अजय देवगणचा ‘मैदान’ तुम्हा तरुण मंडळींनी पाहिला असेल. त्यातले रहीमसाब, म्हणजे सय्यद अब्दुल रहीम, आपल्या उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर आणि पेशाने शिक्षक. त्यांनी घडवलेला हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत जाऊन रोव्हर्स कप जिंकून आला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला आणि १९६२ साली जकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळालं.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं. तेलंगण आंध्र प्रदेशात, मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये. पण संतोष ट्रॉफीत ‘हैदराबाद’ या नावाचा संघ उतरतच राहिला. १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी दोन वर्षं त्याने ट्रॉफी जिंकली. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर होती मुंबई.

आमच्या घरात तेव्हा पेचच पडला असणार. आजोबा परभणीहून उस्मानियात शिकायला आले आणि इथेच नोकरीला लागले. त्यांचे भाऊ परभणीत, म्हणजे आता मुंबई राज्यात. भावांची पत्रं यायची, “तुम्ही परराज्यात कशाला राहता? इकडे या.” आजोबा गेले नाहीत. ते कोणाच्या बाजूने होते, असं मी एकदा वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, “हैदराबादच्या. ज्यांच्याबरोबर रोजची उठबस, त्यांच्या बाजूने. पण घरात मराठीच बोलायचं, हा त्यांचा नियम होता.”

मला हे उत्तर पटतं. कुठल्या गटात नसणं म्हणजे एकटं पडणं नव्हे, पण आपलं वेळापत्रक आपल्यालाच आखावं लागतं. निजामाच्या राज्यात इथल्या मराठी माणसांनी १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा काढली, ती कोणी जागा राखून ठेवली होती म्हणून नव्हे. आपलं मंडळ, गणपतीतलं नाटक, दिवाळीचा फराळ हेही सगळं तसंच जमवलेलं आहे.

आता नाटकाच्या तालमीला पात्रं कमी पडतात. मुलं म्हणतात, “काका, आमचं मराठी नीट नाही.” अरे, येत नाही म्हणून तर यायचं! तेलुगू बोला, दखनी बोला, हैदराबादच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडा. आणि रविवारी तालमीला या. आपला सामना दुसरं कोणी ठरवून देणार नाही.