मार्ट्झ यांचं देणं

लुई मार्ट्झ यांना मी कधी पाहिलं नाही. ते अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवत. मी इथे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रज कवी जॉन डन शिकवत असे. वर्गात डनबद्दल जे काही धड बोललो, त्यातलं बरंचसं त्यांच्या ‘द पोएट्री ऑफ मेडिटेशन’ (१९५४) या पुस्तकाच्या उसनवारीवर.

आमची गाइडं ‘मेटाफिजिकल कवी’ म्हणून अफलातून प्रतिमांची यादी देत आणि मोकळी होत. मार्ट्झ यांना कुतूहल वेगळंच: हा कवी ध्यानाला बसत कसा असेल? उत्तर त्यांना इग्नेशियस लोयोलाने जेझुइट या आपल्या कॅथलिक संघाला घालून दिलेल्या रीतीत सापडलं. आधी प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा, मग बुद्धीने त्याचा कीस काढायचा, शेवटी देवाशी थेट बोलायचं. या तीन पायऱ्यांमागे स्मृती, बुद्धी, इच्छा या आत्म्याच्या तीन शक्ती. ऑगस्टीनला त्यांत पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांचं प्रतिबिंब दिसलं होतं. ते सगळं धर्मशास्त्र कवितेच्या बांधणीत उतरलं, असं मार्ट्झ दाखवतात.

डनचं घर कॅथलिक, मामा जॅस्पर हेवूड जेझुइट. पुढे डन अँग्लिकन झाला, १६२१ मध्ये सेंट पॉल्सचा डीनही; लहानपणची वळणं मात्र सुटली नसावीत. १६१३ च्या गुड फ्रायडेवरची त्याची कविता ४२ ओळींची. मी फळ्यावर १०, २२, १० असे आकडे मांडायचो. पहिल्या दहांत आत्मा म्हणजे फिरता गोल, भक्ती त्याला फिरवणारी शक्ती. मधल्या बावीसांत क्रूसाचं दृश्य, जे बघवत नाही. शेवटच्या दहांत थेट ख्रिस्ताशी बोलणं. स्वार झालेल्या कवीचा घोडा पश्चिमेला, मन पूर्वेला. विटेवरचं रूप लहानपणापासून डोळ्यांत असलेल्या मुलांना यातलं ध्यान फारसं समजावून सांगावं लागत नसे.

याच जेझुइट शिस्तीत घडलेला एक इंग्रज, फादर स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ लिहून गेला. ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. मार्ट्झ यांचा विषय इंग्लंडचा. पण त्यांच्यामुळे मी आपल्या या पुराणाकडेही नव्याने वळलो, हे देणं निराळं.

बार्बरा लेवॉल्स्की यांनी १९७९ मध्ये मार्ट्झ यांना खोडून काढलं: या साऱ्या इंग्रजी धार्मिक कवितेची मुळं बायबलात आणि प्रोटेस्टंट साधनेत आहेत, जेझुइटांकडे कशाला जायचं? याच परंपरेतल्या जॉर्ज हर्बर्ट या कवीबाबत मला लेवॉल्स्की पटतात. गुड फ्रायडेच्या कवितेपुरता मात्र मी अजून मार्ट्झ यांच्याच बाजूचा आहे.