सुट्या भागांचे वाक्य

मराठीच्या प्राध्यापिकेला 64 जीबी रॅम कशाला लागते, हा प्रश्न 2023 च्या उन्हाळ्यात मला निदान चौघांनी विचारला. त्यांत माझे यजमान होते, महाविद्यालयातील लेखापाल होते आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दोन दुकानदार होते. प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र दुकानात उभ्याउभ्या देण्याजोगे नव्हते.

गेली काही वर्षे मी मराठी शब्दरूपांचे पृथक्करण करणारी एक आज्ञावली लिहीत आहे. ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ हा एकच शब्द पाहा. ‘घर’चे सामान्यरूप ‘घरा’, त्याला ‘समोर’, त्यावर ‘चा’, त्याचेही पुन्हा अनेकवचनी सामान्यरूप, मग ‘नी’ आणि शेवटी ‘सुद्धा’. वाचकाच्या डोळ्यांना ही उतरंड जाणवतही नाही. यंत्राला मात्र प्रत्येक पायरी नियमाने सांगावी लागते, आणि एखादा नियम बदलला की साऱ्या संकलित मजकुरावर तो पुन्हा चालवून पाहावा लागतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर अशा एका फेरीला अडीच तास लागत. तास-तासिका आटोपून घरी आल्यावर एका संध्याकाळी एकच फेरी होई. नियम सातशेच्या घरात, प्रत्येकाला पाच-सहा फेऱ्या, आणि निवृत्तीला उरलेली वर्षे सहा. हा गुणाकार एकदा कागदावर मांडल्यानंतर नवा संगणक ही हौसेची बाब राहिली नाही.

सुटे भाग निवडून संगणक जोडून घ्यायचा, हे ठरवण्यामागे काटकसर होतीच. पण त्याहून मोठे कारण असे की, तयार संगणकात पैसा कोठे खर्च करायचा हे दुसऱ्याने ठरवलेले असते. माझे काम त्या दुसऱ्याच्या कल्पनेत नसते. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी आठवडाभर मी एवढेच केले : आज्ञावली चालू असताना जुन्या यंत्राचा कोणता भाग किती राबतो, याची टिपणे ठेवली. प्रोसेसर बराच वेळ रिकामा बसलेला आढळला. 8 जीबी स्मृती मात्र पहिल्या काही मिनिटांतच भरून जाई, आणि मग यंत्र उरलेला मजकूर डिस्कवर ठेवणे व तेथून परत आणणे यातच वेळ घालवी. स्मृतीशी तुलना करता डिस्कवरून माहिती मिळण्यास, ती डिस्क चांगली असली तरीही, शेकडो पट अधिक वेळ लागतो.

यात आपल्या लिपीचाही वाटा आहे. यूटीएफ-8 या प्रचलित संकेतपद्धतीत साध्या रोमन अक्षराला 1 बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3. ‘क्षमा’ हा शब्द आपण दोन अक्षरांचा म्हणतो. संगणकाच्या लेखी तो क, हलन्त, ष, म आणि काना अशी पाच चिन्हे, म्हणजे 15 बाइट. त्यात प्रत्येक शब्दाबरोबर आज्ञावली स्वतःच्या नोंदी बाळगते, त्या वेगळ्याच. 64 जीबीचे उत्तर ते हे.

भारतीय शास्त्रकारांनी शब्दांच्या समूहाचे वाक्य होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशा तीन अटी सांगितल्या आहेत. भागांची यादी करताना त्या मला वारंवार आठवत राहिल्या. (भाषाशास्त्रज्ञाला सगळीकडे व्याकरण दिसते, हा आक्षेप मान्य आहे.) प्रोसेसरला विशिष्ट सॉकेटची आकांक्षा असते, एएम5 सॉकेटचा प्रोसेसर घेतला की मदरबोर्ड त्याच घराण्यातला लागतो, आणि त्यावर स्मृती डीडीआर5 प्रकारचीच चालते. डीडीआर4 ची पट्टी तेथे बसतच नाही, कारण तिची खाच वेगळ्या जागी असते. ‘विस्तवाने झाडे शिंपली’ या वाक्यात जी योग्यता नसते, तीच येथे नसते. संनिधी म्हणजे पदांची जवळीक, आणि माझा अडीच तासांचा खोळंबा हा सगळा तिच्याच अभावाचा होता.

प्रोसेसरच्या बाबतीत मोह आवरावा लागला. जाहिरातींत गाभ्यांची, म्हणजे कोअर्सची, संख्या ठळक छापलेली असते. परंतु जीन अॅम्डाल यांनी 1967 मध्ये दाखवून दिले आहे की, कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच एकूण वेगाची मर्यादा ठरवतो. दहावा हिस्सा जरी एकापाठोपाठ एकच करावा लागत असेल, तरी कितीही गाभे लावले तरी वेग दहापटीच्या पलीकडे जात नाही. माझ्या कामात मजकूर वाटून देता येतो, पण सरतेशेवटी निकाल एकत्र करावे लागतात. म्हणून आठ गाभ्यांचा रायझन 7 7700 घेतला. 7700 एक्स हा त्याचा भाऊ थोडा वेगवान आहे; पण तो 105 वॉटचा, हा 65 वॉटचा, आणि याच्याबरोबर पंखा मिळतो, त्याच्याबरोबर नाही. कोकणातल्या उकाड्यात मला हाच सोयीचा वाटला.

लॅमिंग्टन रोडचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते मी तेथे कोणाच्या तोंडून ऐकले नाही. तेथे ‘आज्ञावली’ नाही, ‘स्मृती’ नाही; एसएमपीएस, कॅबिनेट, रॅम आणि ‘असेंबल’ हीच तेथील चलनी भाषा. एका दुकानदाराने यादी हाती घेत विचारले, ‘‘मॅडम, मुलासाठी घेताय का? मग ग्राफिक कार्ड राहिलं की!’’ मी म्हटले, ‘‘माझ्यासाठीच आहे, आणि कार्ड नको.’’ या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र उमटवण्यापुरती सोय असतेच. अक्षरे पाहण्यास तेवढी पुरते. त्याने पुन्हा एकदा यादी वाचली आणि या वेळी खुर्ची पुढे केली. 16 जीबीच्या चार पट्ट्या द्याव्यात असे त्याचे म्हणणे होते. मी 32 च्या दोनच मागितल्या, कारण या मंचावर चार पट्ट्या बसवल्या की स्मृतीचा अधिकृत वेग बराच उतरतो.

विद्यार्थिदशेत मी मराठीसाठी वेगळा सुटा भाग लागताना पाहिला आहे. तेव्हा पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवावे, तेव्हा कोठे पडद्यावर देवनागरी उमटे. तुमच्यापैकी जे आज मोबाइलवर सहज मराठी लिहितात, त्यांना हे सांगितल्यावाचून कळणार नाही. माझ्या यादीत मराठीसाठी एकही वेगळा भाग नव्हता, आणि ही गोष्ट मला प्रोसेसरच्या वेगाहून मोलाची वाटली.

ज्याकडे कोणी बघत नाही अशा एसएमपीएसवर मी हात सैल सोडला. आमच्या महाडला पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. डेस्कटॉप त्या क्षणी बंद पडतो. घरचा इन्व्हर्टर वीज बदलून देईपर्यंतच्या निमिषातही तो थांबू शकतो, म्हणून निराळा यूपीएस घेतला. कॅबिनेट मात्र टेबलाखाली न ठेवता टेबलावर ठेवले आहे. 2021 च्या जुलैतील पुरानंतर आमच्या घरात किमती वस्तू जमिनीला टेकत नाही.

जोडणी घरीच केली. स्मृतीच्या पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या, कळ दाबली, पंखे फिरू लागले आणि पडदा काळाच राहिला. यजमान हळूच म्हणाले, ‘‘दुकानात फोन लावू का?’’ मी त्यांना थांबवले. डीडीआर5 असलेले असे यंत्र पहिल्यांदा सुरू होताना स्मृतीची जुळवाजुळव करते आणि त्याला काही मिनिटे लागतात, हे वाचून ठेवले होते. तरीही ती मिनिटे लांबली खरी.

आता एका फेरीला अकरा मिनिटे लागतात. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक नियम तपासून होतो, आणि संध्याकाळी चार-पाच नियम हाताखालून जातात. नामांचे नियम दिवाळीपर्यंत संपले. सध्या धातुसाधितांवर काम चालू आहे. ‘करणाऱ्यांपैकी’ आणि ‘केलेल्यांपैकी’ यांची रांग मोठी आहे.