उसनी राखण

२००८ च्या ऑगस्टमध्ये मी तंजावरला होते. दिवसभर सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळी मेल वीदीतल्या आक्कांच्या घरी परतायचं. व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घराणी इकडे आली, त्यांतलं आक्कांचं घराणं. त्यांची मराठी ऐकताना हातातल्या कागदांनाच वाचा फुटल्यासारखं वाटे.

तिसऱ्या आठवड्यात डावा पाय सुजला. पोटरी दगडासारखी झाली. बसून बसून आखडली असेल म्हणून मी तेल मागितलं, तर आक्कांनी बाटली दिलीच नाही. "चोळायचं नाही," एवढंच म्हणाल्या आणि रिक्षा बोलावली. पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती मांडीपर्यंत गेलेली होती. चोळलं असतं तर तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात जाऊ शकला असता, हे मला नंतर कळलं.

हेपरिन सुरू झालं. ते दिलं की रक्त गोठायला लागणारा वेळ वाढतो, आणि त्या आकड्यावरून औषध किती द्यायचं ते ठरतं. माझा आकडा हलेना. दोनदा मात्रा वाढवली, तरी तो तिथंच. दुसऱ्या रात्री डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या आणि घरात कुणाला असं झालं होतं का, म्हणून विचारलं. मला मावशी आठवली. बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात तिचा पाय सुजला आणि दोन दिवसांत ती गेली. आमच्याकडे दृष्ट लागली म्हणत आले.

डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या पाठीमागं चित्र काढून दाखवलं. हेपरिन स्वतः काहीच अडवत नाही. रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचं प्रथिन असतं, त्याला ते हजारपटीनं तल्लख करतं. ते प्रथिनच कमी असेल तर हेपरिन कितीही ओता, त्याला हाताशी कुणी नाही. मग तमिळमध्ये त्यांनी तेच आक्कांना सांगितलं आणि आक्कांनी माझ्याकडे वळून मराठी केलं, "तुझ्या रक्तात राखण कमी पडलीय म्हणतात. दुसऱ्याची आणून घालणार."

इतक्या वर्षांत मी या विषयावर बरंच वाचलं, पण 'राखण'पेक्षा नेमका शब्द मला सापडलेला नाही.

पहाटे चार पिशव्या आल्या. गोठवलेला प्लाझ्मा कोमट पाण्यात वितळवून आणला होता. चक्का टांगल्यावर खाली जी निवळ जमते, तसा पिवळसर. थेंब थेंब आत जात होता आणि आक्का पायाशी स्टुलावर बसून होत्या. दुपारच्या तपासणीत आकडा पहिल्यांदा हलला.

अँटिथ्रॉम्बिन ज्या कुळातलं, त्याला १९८५ साली कॅरेल आणि ट्रॅव्हिस यांनी 'सर्पिन' हे नाव दिलं. माणसाच्या शरीरात या कुळातली तीसहून अधिक प्रथिनं आहेत. आपल्याच पांढऱ्या पेशींच्या एका विकरापासून फुफ्फुसं वाचवणारं अँटिट्रिप्सिन त्यांतलंच. अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिनही याच कुळातलं, पण ते कुणाला अडवत नाही. सर्पिनांचं काम कसं चालतं ते मला पुस्तकाआधी आक्कांच्या कोठीत समजलं. घरी परतल्यावर त्या उंदरासाठी चाप लावत होत्या. तिकडच्या रिवाजाप्रमाणं आत मसाल वड्याचा तुकडा. स्प्रिंग ताणलेली, दांडी अलगद अडकवलेली. सर्पिनाची घडण तशीच ताणलेली असते, आणि बाहेर एक वेटोळं आमिषासारखं लोंबतं. थ्रॉम्बिन म्हणजे गुठळीचे धागे तयार करणारी कातर. ती त्या वेटोळ्याला खाद्य समजून चावते. चावा पुरा होण्याआधीच तिचं तोंड तिथं चिकटतं, तुटलेलं वेटोळं सर्पिनाच्या अंगातल्या पट्ट्यांमध्ये सपकन जाऊन बसतं आणि चिकटलेली कातर ओढली जाऊन दुसऱ्या टोकाला आपटते. त्या आपटण्यात तिचा आकारच मोडतो. २००० साली केंब्रिजच्या हंटिंग्टन, रीड आणि कॅरेल यांनी स्फटिकाच्या अभ्यासातून हे दाखवून दिलं.

आक्कांचा चाप दुसऱ्या दिवशी पुन्हा लावता येई. सर्पिनाला ते नाही. एक रेणू, एक कातर. दोघं तसेच जखडलेले यकृतात जातात आणि संपतात. त्या चार पिशव्यांतला प्रत्येक रेणू माझ्यासाठी खर्ची पडला, किंवा वाट बघत झिजून गेला. अँटिथ्रॉम्बिन दोन-तीन दिवसांत निम्म्यावर येतं. पण तेवढ्या दिवसांत हेपरिनला हात मिळाला आणि पुढं गोळ्या लागू पडेपर्यंत मी तगले.

रक्तपेढीला बदली रक्तदाते हवे होते. आक्कांचा भाचा त्याच्या तीन मित्रांना घेऊन गेला. त्यांतले दोघं मला कधी भेटलेही नाहीत. आणि माझ्या अंगात गेला तो प्लाझ्मा त्यांचा नव्हताच, त्यांच्याही आधी येऊन गेलेल्या कुणा चौघांचा होता.

काही महिन्यांनी पुण्यात पुन्हा तपासणी झाली. पातळी निम्मीच, जन्मापासूनची. आईबापांपैकी एकाकडून हा दोष आला, तर दर मुलामागं निम्मी शक्यता. धाकट्या भावाचीही तपासली, त्याचीही निम्मी निघाली. पुढं त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा डॉक्टरांना तो कागद आधीच दाखवता आला. मावशीच्या वेळी असा कागद नव्हता.

मी रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आहे, त्यामुळं मला रक्तदान करता येत नाही. नवरा दर ऑगस्टला करतो. आक्का होत्या तोवर आम्ही त्यासाठी तंजावरला जात होतो. तो सुई टोचून घेई आणि आक्का त्याच्याही पायाशी स्टूल ओढून बसत. आता तो पुण्यातच देतो.

त्या पहाटे पिशव्यांवर दात्यांची नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. हाताशी वही होती ती सरफोजीराजांच्या कागदांच्या टिपणांची. मी ते चारही क्रमांक तिच्यात मोडीत उतरवले. हात थरथरत होता, तरी वाचता येतात.