अस्वलाचा हिस्सा

गावी फोन केला की चाचा अजूनही विचारतात, "शिकारीला पुन्हा गेलास का?" गेली दोन वर्षं माझं उत्तर "नाही" असंच आहे. का, ते त्यांना एकदाच सांगितलं. आज तुम्हाला सांगतो.

चिपळूणजवळच्या आमच्या घरात भिंतीवर आजोबांची बंदूक टांगलेली असे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू शिकार संपली. मी त्या बंदुकीला तेल लावताना पाहिलं, उडताना कधीच नाही. सांबर-भेकरांच्या गोष्टी मात्र पोटभर ऐकल्या. शिकागोत बारा वर्षं काढल्यावर एक जुना सहकारी वायोमिंगमधल्या कोडी गावी राहायला गेला आणि म्हणाला, "एल्कच्या शिकारीला ये." तेव्हा त्या सगळ्या गोष्टी एकदम जाग्या झाल्या.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. मोठा नर 300 किलोच्या घरात जातो. पण परराज्यातल्या माणसाला तो सहज मिळत नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्ज करायचा, सोडतीत नाव लागायची वाट बघायची. स्थानिकाला परवाना 60 डॉलरच्या आत पडतो, मला सुमारे 700 पडले. शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स केल्याचा दाखला लागतो. शिवाय राखीव 'विल्डरनेस' जंगलात परराज्यातल्या शिकाऱ्याला एकट्याने फिरता येत नाही. परवानाधारक वाटाड्या हवा, नाहीतर तिथला रहिवासी सोबत हवा आणि त्यानेही त्यासाठी मोफत परवाना काढलेला हवा. मित्राने तो काढला.

बायकोची काळजी वेगळीच होती. "आपलं नाव काय, दाढी केवढी, आणि हातात बंदूक?" खरं सांगतो, 2,000 किलोमीटर गाडी चालवताना मलाही अस्वलापेक्षा माणसांचीच भीती जास्त वाटत होती. वाटेत वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याने थांबवलं, परवाना पाहिला, नावाचा उच्चार दोनदा विचारून नीट केला आणि "शुभेच्छा" म्हणून सोडलं. बस, एवढंच.

अस्वलाची भीती मित्राने घातली. 1975 मध्ये ग्रिझलीला संरक्षण मिळालं तेव्हा यलोस्टोनच्या परिसरात ती दोनशेसुद्धा उरली नव्हती. आज हजाराच्या आसपास आहेत. शरद ऋतूत शीतनिद्रेआधी ती दिवसाला 20,000 कॅलरीपर्यंत खातात. नेमका तोच शिकारीचा हंगाम. तिथले वाटाडे म्हणतात, बंदुकीचा बार म्हणजे अस्वलाला जेवणाची घंटा. 2018 च्या सप्टेंबरात टीटन विल्डरनेसमध्ये आदल्या दिवशी मारलेला एल्क आणायला गेलेला एक अनुभवी वाटाड्या ग्रिझलीच्या हल्ल्यात मेला. म्हणून मित्राचे नियम ठरलेले: अस्वलाचा फवारा पिशवीत नाही, कमरेला. एकाने मांस कापायचं, दुसऱ्याने पहारा द्यायचा. आणि दुपारी तीननंतर गोळी झाडायची नाही, कारण कापणं आणि वाहणं अंधाराआधी संपलं पाहिजे.

पाच दिवस काही दिसलं नाही. सहाव्या, म्हणजे शेवटच्या दिवशी साडेचारला समोरच्या उतारावर नर उभा राहिला. मित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. नाही. मी पाहिलं, समजलं, आणि तरीही "बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर" म्हणून गोळी झाडली.

गोळीने केलेल्या शिकारीबद्दल उलमांत मतभेद आहेत. अल्लाहचं नाव घेऊन झाडलेली गोळी अंग भेदून गेली तर शिकार हलाल, असं आज अनेक जण मानतात. जनावर जिवंत सापडलं तर झबह करावं लागतं. मी पोहोचलो तेव्हा तो जिवंत होता. सुरी माझीच होती, हात कापत होता. ते पूर्ण होईपर्यंत मित्र एक शब्द बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "आता भरभर."

सूर्य मावळेपर्यंत एक मागचा फरा आणि पाठीचं मांस निघालं. उरलेलं उंच टांगायचं तर जमिनीपासून 10 फूट आणि खोडापासून 4 फूट लांब टांगायला हवं. तो उतार वणव्यात जळालेला, वजन पेलेल असं झाड नव्हतं. आतड्यांपासून शंभर पावलं दूर, लांबून दिसेल अशा उघड्यावर आम्ही उरलेलं मांस ओढून ठेवलं. मी म्हणालो, "आणखी तासभर थांबू." तो म्हणाला, "घरी माझी दोन पोरं आहेत." मलाही दोनच आहेत. पाठीवर ओझं घेऊन, मोठ्याने बोलत आम्ही अंधारात उतरलो. पाठीमागे फांदी मोडली की दोघेही गप्प व्हायचो. त्या दिवशीची मगरिब मी गाडीपाशी पोहोचल्यावर, इशाच्या वेळी अदा केली.

सकाळी समोरच्या धारेवरून दुर्बीण लावली. मांस ठेवलं होतं तिथे माती आणि गवताचा ढीग होता, आणि त्या ढिगावर ग्रिझली आडवी पसरली होती. जेवण पुरून ठेवायची तिची रीतच आहे. माझ्या मनात आलं, हवेत बार काढावा. मित्राने दुर्बीण खाली घेतली. "ते आता तिचं आहे."

परतीच्या वाटेवर मला सूरह माइदाचा तो भाग आठवत राहिला. एहरामच्या अवस्थेत शिकार मना आहे, आणि तिथेच सांगितलंय की हाताच्या, भाल्याच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीने अल्लाह तुमची परीक्षा घेईल. लहानपणी ते वाचलं तेव्हा वाटायचं, टप्प्यातली शिकार सोडण्यात काय कठीण? मी एहराममध्ये नव्हतो, माझा परवाना पक्का होता, कायद्याने सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत वेळ होती. सगळं जायज होतं. तरी मित्राने मान हलवली होती आणि माझा हात थांबला नाही. मुखी अल्लाहचं नाव घेतलं आणि दुसऱ्या बापाचा जीव पणाला लावला. एक सुंदर जनावर मारून त्याचं अर्ध्याहून जास्त मांस घरी आणू शकलो नाही.

मी मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, "पुढच्या वेळी तीन म्हणजे तीन." त्याने माफ केलं, पण मी अजून पुढच्या वेळेचा अर्ज भरलेला नाही.

आणलेल्या मांसाचे आम्ही कुर्बानीसारखे वाटे केले. मित्राला, शेजाऱ्यांना, घरात. चाचांना हे सगळं सांगितलं तेव्हा वाटलं, ते अस्वलाबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "त्या माणसाच्या पोरांना मटण पोहोचलं ना?"

पोहोचलं, म्हणालो.

"मग झालं. आता ती बंदूक पुसून ठेव."