आपल्यासाठी नसलेला गंध

पिंपळगाव रेणुकाईची ख्याती मिरचीची. भोकरदन तालुक्यातल्या या गावी हिरव्या मिरचीचा बाजार भरला की वास आधी भेटतो, गाव मागाहून. पण याच शिवारात कपाशीच्या ओळींमधून रात्री आणखी एक गंध वाहत असतो, आणि माणसाच्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मध्यरात्र उलटलेली असते. गुलाबी बोंडअळीची मादी, करड्या रंगाचा नखाएवढा पतंग, पानाआड स्थिर बसते आणि पोटाचं टोक बाहेर काढते. तिथल्या ग्रंथीतून गंधकण सुटतात. ना आवाज, ना उजेड. वारा नेईल तिकडे ते जातात, विरत जातात, तुटक तुटक होतात. दूर कुठेतरी एका नराच्या मिशीवरच्या केसाला त्यातला एखादा कण चिकटतो.

पुढचं सारं त्या केसाच्या आत घडतं, आणि तिथे मान लवते. केसाला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. कण आत शिरला की एक प्रथिन त्याला पोटाशी धरून द्रवातून पलीकडे पोचवतं. तिथे चेतापेशीच्या आवरणावर त्याच गंधासाठी घडलेला ग्राही बसलेला असतो. दोघांची गाठ पडताच विजेची बारीक लहर मेंदूकडे धावते. काम झालेला कण विकरं लगोलग मोडून टाकतात, कारण पुढचा कण नव्याने कळायला हवा. नर वाऱ्याच्या उलट झेप घेतो. गंध हरवला की डावीउजवीकडे हेलकावे घेत शोधतो, सापडला की पुन्हा पुढे. या गंधात घटक दोनच, जवळपास समसमान. शेजारच्या झाडावर अमेरिकन बोंडअळीची मादी साद घालत असली तरी हा वळत नाही. इतकी एकनिष्ठा आपण ओव्यांतच ऐकतो!

ही भाषा माणसाला प्रथम कळली ती रेशीमपतंगाकडून, ज्याच्या कोषांचा बाजार आज जालन्यातही भरतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथींतून काही मिलिग्रॅम द्रव्य वेगळं काढलं. १९५९ साली त्याला ‘बॉम्बिकॉल’ हे नाव मिळालं. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की नराची चेतापेशी जागी व्हायला त्याचा एक रेणूही पुरतो. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी त्याचा ग्राहीही हुडकला. पाळीव रेशीमपतंगाला उडता येत नाही. तरी गंध लागला की तो पंख फडफडवत चालत निघतो.

आता शेतकरी तोच गंध रबराच्या गोळीत भरून कामगंध सापळ्यात टांगतो. मादी नसतेच, नर येतो, अडकतो. कपट आहे हे, आणि तरीही मी त्याच्या बाजूने आहे. २०१७ साली या अळीने मराठवाडा-विदर्भातली कपाशी कशी पोखरली, बीटी बियाणंही कसं हतबल ठरलं, हे विसरता येत नाही. फवाऱ्यात मधमाशी मरते, ढालकिडाही मरतो. हा गंध मात्र ज्याचा आहे त्यालाच बोलावतो.

म्हणून एवढंच सांगणं: सापळे फुलोऱ्याआधी लावा, गोळी मुदतीत बदला, सकाळी नर मोजा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ भरले, तरच फवारणीचा पंप हातात घ्या.